तापलेली टोकं

सोमवार, ३ जून
आलो एकदाचा! मामाने माझी गादी आधीच घालून ठेवली होती. भाचा एवढा का वाळलाय, हे मामीने ताट वाढेपर्यंत दहादा विचारलं. आई गेल्यावर यांनीच मला वाढवलं. आता नोकरीही मामानेच लावली, स्वतःच्याच हाताखाली. फळांच्या शीतगृहाचं तळघर, तिथल्या ट्यूबलाइटची देखभाल.

बुधवार, ५ जून
काम मजेचं आहे. नळी एकदम पेटवायची नसते. स्टार्टर आधी दोन्ही टोकांच्या तारा तापवतो, टोकं नारिंगी होतात, मग तो सुटतो आणि नळी पेटते. टोकं थंड असताना जबरदस्ती केली तर ती काळी पडतात, नळी लवकर जाते. इथल्या गारठ्यात तापणं जरा रेंगाळतं. मामा दाराबाहेरचं बटण दाबतो, कुठली नळी रेंगाळते ते मी आत उभा राहून बघतो. पेटेपर्यंत मान वर ठेव, समोर बघू नकोस, असं त्याने बजावलंय. मामाला थट्टेची खोड आहेच.

शनिवार, ८ जून
आज समोर बघितलं. टोकं तापत होती. त्या उजेडात पेट्यांच्या रांगेच्या टोकाला कुणीतरी उभं होतं. नळ्या पेटल्या, तर कुणीच नाही. घाबरलो, खोटं कशाला बोलू?

सोमवार, १० जून
आज तो अर्ध्या वाटेवर होता. टोकं तापतात तेवढाच वेळ चालतो. मामाला सांगितलं. एवढ्या गारठ्यात त्याला घाम फुटला. म्हणाला, माझ्या तर अगदी खांद्याजवळ येऊन पोचला होता, तू आल्यापासून मला दिसत नाही. नवे स्टार्टर बसवतो, झटकन पेटतील, म्हणाला. जिवात जीव आला.

मंगळवार, ११ जून
मामाने स्टार्टर बसवले. जेवताना बोटांवरचा डिंक सोलत होता. पाकिटं चिकटवत होतात की काय, असं मामीने चिडवलं. तो हसला नाही. माझ्याकडे बघेचना.

बुधवार, १२ जून
टोकं तापली. पेटत नाही— एकही नळी नाही. अडकलेले स्टार्टर, टाकाऊ, नुसते तापवत ठेवणारे— मामाला हे कळत नाही होय?
बाहेरून कडी. मामा दारापलीकडे रडतोय, माफ कर म्हणतोय. पोटच्या पोरासारखा वाढवलास रे मला—
तो मधल्या रांगेत.
अडकलेला स्टार्टर फिरवून काढला की नळी पेटते, मामानेच शिकवलंय. शिडीवर चढलो. फिरत नाही. डिंक—
शिडीखाली आला. मामा, निदान बटण तरी बंद—