दोऱ्याचं माप

चुडावा,
ता. २ डिसेंबर

चि. दैवशालास, तुझ्या आईचा आशीर्वाद. इकडं माणसं आन मेंढरं धडधाकट हाईत, तिकडलं कळव.

फोन केला की तुझी सासू शेजारी येऊन बसती आन जावई मल्हारराव आवाज मोठा करून ठेवतेत. म्हणून कागूद लिहायले. माझी चौथी झाली हाय, अक्षराला हसू नको.

थंडी लय पडली. लेकरू दोन महिन्याचं होत आलं आन आजोळचं टोपडं डोक्यावर न्हाई. परभणीहून पिवळ्या लोकरीचे दोन गुंडे आणले. आपल्या मेंढराची लोकर टोचती, ती न्हाई घेतली. अंगणवाडीच्या शुभदाबाईपाशी विणायला शिकायले. ती म्हणती, सरजाबाई, तुमी सुया अशा धरता की कुणाला भोसकायला निघालाव. म्हणलं तू टाके मोज, माझे हात नको मोजू.

बारशाला आले तवा लेकरू गुंडाळलेलं होतं, माप राहून गेलं. कानाच्या वरून दोरा फिरव, तेवढाच तोड आन पाकिटात घालून पाठव.

आन बघ, माझं आयकलंस म्हणून पटकन सुटलीस. थोरलीच्या टायमाला दवाखान्यातल्या गोळ्या खाऊन लेकरू पोटात फुगलं आन दोन दिवस अडलीस. औंदा फेक म्हणलं, फेकल्यास, झालं का न्हाई?

आईवरची माया पातळ होऊ देऊ नको.
सरजाबाई


वालूर,
ता. ९ डिसेंबर

तीर्थरूप आईस, दैवशालाचा नमस्कार.

पत्र मिळालं. दोरा पाठवलाय. बाळ रडतं फार आणि दूध उलटून टाकतं, बाकी ठीक आहे. थोरली तुझ्या कोकरांची आठवण काढते. तिला वाटतं आजी कोकरांनाच टोपडं विणायली.

टोपडं जरा सैल विण. घाई करू नको. इकडं इतकी काही थंडी नाही.

तुझी,
दैवशाला


चुडावा,
ता. १६ डिसेंबर

चि. दैवशालास आशीर्वाद.

दहावी झालीस आन तुला डोकं मोजता येईना? कुंचीवरून मोजलंस का गोधडीवरून? तुझा दोरा शेजारच्या आदिनाथच्या पोराला लावून बघितला, त्याच्या डोक्याला बरोबर बसला. ते पोरगं दुसरीत हाय.

म्या दोरा बाजूला टाकला आन माझ्या मनानं टाके घातले. अर्धं विणून झालं. पण शुभदाबाईनं दोरा बघितला आन दोनदा ताणून मोजला. मग हळूच विचारायली, बाळाचे डोळे खाली उतरल्यावानी दिसतेत का, वरचं पांढरं दिसतं का. मला असा राग आला! म्हणलं माझ्या नातवाला न बघता नावं ठेवायलीस? सुया उचलल्या आन घरी आले.

चार दिस झाले तिच्याकडं गेले न्हाई. पण एकबी टाका विणला न्हाई.

उघड्या डोक्यावर माप घे आन पाठव. आन इकडं थंडी न्हाई असलं काय लिहितीस? वालूर काय दुसऱ्या मुलखात हाय? खरं लिही.

तुझी आई


वालूर,
ता. २४ डिसेंबर

आई,

दुसरा दोरा पाठवते. उघड्या डोक्यावर घेतलाय. पहिलाही तसाच घेतला होता. पंधरा दिवसांत दोन बोटं वाढलाय.

बाळाच्या डोक्यात पाणी साचतंय. टाळू फुगलीय. डोळे तसेच आहेत, शुभदाताई म्हणाल्या तसे. परभणीच्या डॉक्टरांनी लवकर औरंगाबादला न्यायला सांगितलंय. डोक्यातून पोटात नळी घालतात, सरकारी दवाखान्यात होतं, पैशाचा प्रश्न नाही. उशीर केला तर डोळे जातील, मग जीवही जाईल, असं म्हणाले.

त्यांनी सासूबाईंसमोरच विचारलं, गरोदरपणातल्या सुरुवातीच्या गोळ्या घेतल्या होत्या का, त्या चुकल्या तर असं होऊ शकतं. मी म्हणाले, आळस केला, फेकून दिल्या. तुझं नाव घेतलं असतं तर माझं माहेर बंद झालं असतं.

तेव्हापासून माझ्या हातचं पाणी कुणी घेत नाही. सासूबाई म्हणतात, हिनं केलं, हिनंच भोगावं, लेकराचं डोकं चिरू देणार नाही, देवानं दिलं तसं देव बघेल. हे स्वतःच्या आईपुढं बोलत नाहीत. बाळ सारखं झोपायलंय. आधी रडायचं, ते बरं होतं.

टोपडं राहू दे.

दैवशाला


चुडावा,
ता. ३० डिसेंबर

विहीणबाई मनकर्णाबाईस, सरजाबाईचा रामराम.

खुशाली विचारत न्हाई, मला कळली. आदिनाथ उद्या तुमच्याकडं मेंढरं बघायला येयलाय, त्याच्या हाती कागूद देते. मल्हाररावाकडून मोठ्यानं वाचून घ्या.

गोळ्या दैवशालानं आळसानं न्हाई फेकल्या. म्या फेकायला लावल्या. तिसरा महिना होता. ती खाते म्हणत होती. म्या दोनदा बजावलं, आन चुलीत घातल्यास का म्हणून तिसऱ्यांदा विचारलं. तिनं आईचं झाकलं आन तुमी तिला वाळीत टाकलं. माझ्या हातचं पाणी घेऊ नका. तिच्या हातचं घ्या.

शुभदाबाईच्या पाया पडायला गेले. तिनं पडू दिलं न्हाई, औरंगाबादला फोन लावून दिला. तिकडले डॉक्टर म्हणले, आईची सही चालती. सासूची लागत न्हाई. डोळ्याचं सांगता येत न्हाई म्हणले, जगायचंबी छाती ठोकून सांगत न्हाईत. गोळ्या फेकल्यानंच झालं का विचारलं, तर तसं नक्की म्हणता येत न्हाई म्हणले. मला त्यानं काय बरं वाटलं न्हाई.

तुमी देव बघंल म्हणता. मागल्या साली तुमच्या मेंढरांचे पाय सडले तवा देवावर सोडलं न्हाई. सेलूहून जनावराचा डॉक्टर आणलाव.

मी शुक्रवारी सकाळच्या गाडीनं सेलूला उतरते आन वालूरला येते. लेकीला आन लेकराला घेऊन त्याच दिवशी औरंगाबादला निघणार. लेकरू मेलं तर आजीनं मारलं म्हणा, गावभर सांगा. पण घरात निजवून मरू देऊ नका. तुमाला मला शिव्या द्यायच्या असतील, दारात अडवून चार थोबाडीत मारायच्या असतील, तर दुपारच्या आत मारून घ्या. पुढची गाडी चुकवायची न्हाई.

लोभ ठेवा असं लिहायची रीत हाय. माझ्यावर ठेवणार न्हाईत ते ठाऊक हाय. लेकीवर ठेवा.

सरजाबाई