भाटोला राम राम

मरोदा, भिलाई
८ ऑगस्ट २०२४

चि. कृष्णाले बेबीताईचे आशीर्वाद. आशीर्वाद इथंच संपले.

मेलेल्या माणसाचा गुडघा कोणी विचारते का रे? बुधवारी तुह्या शेतीच्या कार्यक्रमात तू रेडिओवर छत्तीसगढीत म्हणाला की भिलाईच्या आमच्या भाटोला राम राम, गुडघा कसा आहे आता. भाटो म्हणजे बहिणीचा नवरा, हे साऱ्या मरोद्याले समजते. तुह्या भाटोले जाऊन दिवाळीले वर्ष होईन. तूच तर खांदा दिला. शेजारची रीना मोबाईलवर ऐकत होती, ते माह्या तोंडाकडं पाहत राहिली. मी चिरती भाजी टाकून आत गेली.

गणपतीच्या मंडपात माईक धरून हरवलेल्या चपला सांगे, तवा तरी शुद्धीत होता. आता पंचवीस वर्षं जगदलपूरहून बोलून राहिला, लोक तुले तिकडचाच समजतात, आमाले कौतुक आहे. पण घरचं कोण गेलं एवढं तरी ध्यानात ठेव.

अन् फोन कावून उचलत नाही? तुही बायको शिल्पा दरवेळी सांगते, तू अंघोळीले गेला. एवढी अंघोळ म्हैस करत नाही. माह्या वंदनाले लिही म्हटलं तर पोरगी हिंदीत लिहिते, म्हणून चौथी पास मीच लिहून राहिली.

राग आहे, माया आटली नाही.
तुही बेबीताई


जगदलपूर
१६ ऑगस्ट

ती. बेबीताईस कृष्णाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र शिल्पाने मोठ्याने वाचलं. म्हशीपाशी ती हसली. मला हसायचीही मनाई आहे.

ते बोलणं दोन वर्षांमागचं आहे, ताई. जुनी रेकॉर्डिंगं मीच निवडून दिली, त्यात भाऊजींचा राम राम राहून गेला. चूक माझीच. ऐकलं तेव्हा मलाही बसवलं नाही.

जूनपासून मी माईकपुढे गेलो नाही. घशात गाठ आहे. डॉक्टरांनी बोलणं बंद केलंय, म्हणून फोन नाही. नागपूरला ऑपरेशन करा, उशीर करू नका म्हणतात. पण आवाज पहिल्यासारखा राहील असं कोणी सांगत नाही, म्हणून मी थांबलोय. इथली भाजीवाली तोंड पाहून ओळखत नव्हती, भाव विचारला की ओळखायची. तो आवाज गेला तर मी कोण?

वंदनाला आशीर्वाद. तू रागावत राहा, बरं वाटतं.
तुझा कृष्णा


मरोदा
२१ ऑगस्ट

चि. कृष्णाले बेबीताईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचलं अन् गॅस बंद करून बसली. मग तुले शिव्या दिल्या, वंदनानं ऐकल्या. गाठ काय लपवायची वस्तू आहे? शिल्पालेही सांग, अंघोळीचं खोटं मी माफ केलं नाही.

लहानपणी तू भोकाड पसरे तो आवाज काही रेडिओचा नव्हता, तरी कडेवर घेऊन मीच फिरे. घोगरा होईन तर होऊ दे. भाजीवाली ओळखीन नाही, भाजी तर देईन. रेडिओवाले परीक्षा घेऊन दुसरा बोलणारा आणतात. मी भावासाठी कोणाची परीक्षा घेऊ?

देवाजीमामाची नागपूरची खोली रिकामी आहे, मी विचारून ठेवलं. रांधायले मी येते.

पोळ्यापर्यंत ऑपरेशनची तारीख लिहून पाठव. तारीखच लिही, कारणं नको. इकडच्या रीतीनं पोळ्यानंतर तीज्याच्या सणाले भाऊ येते अन् बहिणीले माहेरी नेते. तुही तारीख नाही आली तर यंदा बहीण येईन भावाले न्यायले, अन् माहेर नागपूरच्या दवाखान्यात राहीन.

टपालाच्या वाटेकडं डोळे लावून,
तुही बेबीताई