ग्राफबाहेरचा ठिपका

१ जानेवारी
नवी डायरी. संकल्प: पहाटे उठणे, मोबाइल कमी करणे आणि थिसिसचं तिसरं प्रकरण याच महिन्यात गाइड मॅडमना देणे.
कुणी विषय विचारला की मी फार बोलतो अशी तक्रार आहे, म्हणून इथे थोडक्यात लिहून ठेवतो. माणसाच्या मेंदूची ठेवण कोणत्या जनुकांमुळे ठरते आणि त्या ठेवणीचा बुद्धीशी काय संबंध. एवढंच. काही वर्षं हेच चाललंय.
पहाटे उठणे उद्यापासून. आजचा संकल्प उठल्यावर केला.

३ जानेवारी, सकाळ
तिसरं प्रकरण उघडलं. शीर्षकाचा फॉन्ट बदलला. मग लक्षात आलं की अडचण प्रकरणात नाहीच, डेटात आहे. माझ्याकडे हजारो मेंदूंचे स्कॅन आहेत, पण सगळे परदेशी. नावं नाहीत, नुसते नंबर. आपल्या खाडीकाठचा एकही मेंदू त्यात नाही.
उपाय: आपलंच घर. आमच्या घराण्यात बुद्धी आहे आणि ती बाबांकडून आलेली आहे. पुरावा म्हणून तूर्तास मी आहे. बाकीचा गोळा करतो.
प्रकरण बंद केलं. (फाइल सेव्ह केली.)

५ जानेवारी, रविवार
जेवताना जाहीर केलं. खाडीतल्या जिताड्याचं कालवण होतं, त्यामुळे सगळे हजर. माझा मोठा भाऊ भावेशदादा मानकोलीची गोडाऊनं सांभाळतो. त्याने विचारलं, याचा उपयोग काय. मी म्हणालो, मूलभूत संशोधनाला उपयोग विचारायचा नसतो. त्याने कालवण वाढून घेतलं. आईने विचारलं, डोका फोडून बघनार काय. नाही म्हटल्यावर तयार झाली.
बाबा म्हणाले, "पोरगा म्हनतो त करू." मग हात धुऊन आले आणि विचारलं, काय करायचा ठरला. बाबांचा हा मिश्कीलपणा माझ्यातही उतरलाय असं लोक म्हणतात.

८ जानेवारी
लाळेचे नमुने. नळीत लाळ जमवायची, त्याआधी काही खायचं-प्यायचं नाही. आई म्हणाली, तुळशीसमोर थुंकायचा कसा. मोरीत जाऊन भरून आणली. बाबांचे धाकटे भाऊ मोरूकाका तंबाखू सोडायला तयार नाहीत. त्यांचा नमुना तपकिरी आला. लेबलवर तसं लिहिलं.
बाबांनी नळीत पाणी भरलं आणि तुळशीला घातलं. आई लगेच म्हणाली, चेष्टा करतान. दुसरी नळी दिली. आईने समोर बसून त्यांच्याकडून भरून घेतली. उत्तम टीमवर्क.
नळ्या फ्रिजमध्ये. उन्नती म्हणाली, दह्याशेजारी नकोत. शाळेत विज्ञान शिकवणारी बायको असूनही ही अवस्था.

१२ जानेवारी
बुद्धीच्या चाचण्या. मी पाच शब्द सांगायचे, होडी, कांदा, खिडकी, मीठ, चप्पल, आणि थोड्या वेळाने परत विचारायचे. आईला पाचही आठवले, वर म्हणाली, कांदा सांगितलास ता बरा केलास, घरातला संपलाय. आकडे उलटे म्हणा म्हटल्यावर मोरूकाका म्हणाले, सरळ येत असताना उलटा कशाला? मुद्दा नोंदवला.
बाबांना विचारलं, मघाचे शब्द कोणते. ते म्हणाले, "कंचे शब्द?" इतक्या शांतपणे की मला हसू आलं.
मग घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. त्यांनी गोल छान काढला, पण सगळे आकडे उजव्या बाजूला एकमेकांना चिकटून. डावी बाजू मोकळी. आई ते बघून आत निघून गेली.
मी मात्र बराच वेळ ते चित्र बघत बसलो. बाबांनी आयुष्यात घड्याळ बांधलं नाही. भरती-ओहोटीवर वेळ सांगणारा माणूस. परदेशी चाचणी अशा माणसाला लावायची म्हणजे अन्यायच. हा स्वतंत्र पेपरचा विषय आहे. तिसऱ्या प्रकरणाच्याही आधीचा.

१६ जानेवारी
पेपरचं शीर्षक तयार: 'खाडीकाठच्या समाजात स्मरणचाचण्यांची मर्यादा'. मजकूर शीर्षकातच जवळजवळ आलाय.
काल बाबा वज्रेश्वरीला गेले होते, नेहमीप्रमाणे एकटेच. दर्शन, मग अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवून परत, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. संध्याकाळी तिथल्या एका हारवाल्याचा फोन आला की तुमचे बाबा दुपारपासून स्टँडवर बसलेत, भिवंडीच्या गाड्या समोरून जातायत पण चढत नाहीत. दादा जाऊन घेऊन आला.
एसटीच्या पाट्या हल्ली वाचताच येत नाहीत. तक्रार करायला हवी.
आई म्हणाली, आता त्यांच्याबरोबर मी जाईन. हल्ली ती त्यांना कुठेच एकटं सोडत नाही. या वयात आई-बाबांमधलं प्रेम वाढताना पाहून बरं वाटतं.

२० जानेवारी
चाचण्यांची दुसरी फेरी. गंभीर प्रकार. मी बाबांना वार विचारला, उत्तर आईने दिलं. महिना विचारला, आईने दिलं. नातवंडांची नावं विचारली तर ती भाजी निवडता निवडता पहिलं अक्षर पुटपुटत होती. मी तिला समजावलं की याने डेटा खराब होतो. ती म्हणाली, "मी न्हाय सांगनार त कोन सांगल त्यांना?" शेवटी तिला स्वयंपाकघरात पाठवावं लागलं.
त्यानंतर बाबांनी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. दाराकडे बघत राहिले. कमळा कुठं गेली, असं दोनदा विचारलं. तो माझ्या चाचणीतला प्रश्न नव्हता, म्हणून नोंदवला नाही.

२३ जानेवारी
ग्राफ काढला. आडव्या रेषेवर वय, उभ्यावर गुण. सगळे ठिपके शिस्तीत, एकच खूप खाली. बाबांचा. त्या एका ठिपक्यामुळे रेष वाकडी होते. अशा ठिपक्याला आमच्यात आउटलायर म्हणतात. तो काढून टाकायची रीतसर पद्धत आहे. काढला. रेष एकदम सुंदर आली.
उन्नती मागे उभी होती. म्हणाली, बाबांना एकदा डॉक्टरांना दाखवू या. मी म्हणालो, हा माझाच विषय आहे. ती म्हणाली, म्हणूनच तुला सांगतेय. मी तिला वय आणि विस्मरण यांतला सामान्य संबंध समजावून सांगितला. ती ऐकून घेऊन वह्या तपासायला गेली. पटलं असावं.

२७ जानेवारी
मॅडमना ग्राफ पाठवला. उत्तर आलं. घरच्या लोकांवर परवानगीशिवाय असला अभ्यास कुणी करायला सांगितला, तो ताबडतोब बंद कर. तिसरं प्रकरण कुठे आहे? आणि शेवटी एक ओळ: तो आउटलायर कोण आहे, आणि त्या व्यक्तीला न्यूरॉलॉजिस्टकडे नेलंस का?
मॅडमचा मेथडॉलॉजीकडे फारसा कल नाही, हे मला पूर्वीपासून जाणवतं.
पहाटे उठणे फेब्रुवारीपासून.

२ फेब्रुवारी
मॅडमच्या मेलला उत्तर द्यायला बसलो. 'आदरणीय मॅडम' इथपर्यंत आलो.
बाबा सकाळी अंगणात शर्ट उलटा घालून उभे होते. आईने तो काढला, सरळ केला, घातला. बटणं लावताना ती त्यांना आज काय भाजी करायची ते विचारत होती. नेहमीसारखंच.

९ फेब्रुवारी
काल मोरूकाकांच्या मुलीची, भाविकाची हळद. आख्खा गाव, मांडव, डीजे. मी फेटा बांधला होता. बाबा खुर्चीत बसले होते, शेजारी कल्याणचे पाहुणे. मी पाणी घेऊन गेलो. बाबांनी ग्लास घेतला आणि पाहुण्यांना सांगायला लागले की त्यांचा धाकटा पोरगा मितेश मोठा शास्त्रज्ञ हाय. मानसाच्या डोक्यात काय चालतं ता त्याला मशिनीवर दिसतं. गावात असा दुसरा न्हाय. पाहुणे माझ्याकडे बघून हसले, कारण ते मला ओळखतात.
मग बाबा माझ्याकडे वळले. "तू कोनाचा रं? जेवलास का?"
मी म्हणालो, जेवलो.
ते म्हणाले, मितेश दिसला त त्याला इकडं पाठव.

फेटा. शिवाय मांडवातले लाइट निळे होते. निळ्या उजेडात चेहरा ओळखणं कठीण जातं, यावर संशोधन झालेलं आहे. संदर्भ शोधला पाहिजे.

१० फेब्रुवारी
संदर्भ सापडला नाही.
उन्नतीला म्हटलं, डॉक्टरांची वेळ घे. ती म्हणाली, आईंनी तुझा ग्राफ निघाला त्याच आठवड्यात घ्यायला लावली होती, पुढच्या मंगळवारची आहे.

१८ फेब्रुवारी
ठाण्याला न्यूरॉलॉजिस्ट. आई, बाबा आणि मी. एमआरआय आधीच काढून घेतला होता. डॉक्टरांनी स्कॅन लावला. असे हजारो पाहिलेत मी. कोपऱ्यात नाव असलेला पहिलाच. हिरामण.
काय दिसतंय ते डॉक्टर बोलायच्या आधी मला कळलं. 
डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून. मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, दोन पावसाळे झाले. मग त्यांनी विचारलं, इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात नाही आलं? आई म्हणाली, माज्या आलेला. पण पोराचा शिक्षन चालू हाय, त्याला कशाला घोर.
डॉक्टर माझ्याकडे वळले. मी काय करतो असं विचारलं. मी म्हणालो, कॉम्प्युटरवर काम करतो.
मग सोप्या भाषेत सांगतो म्हणाले. टेबलावरचा कागद ओढून त्यांनी मेंदूचं चित्र काढलं. आठवणी इथे साठतात, हा भाग आक्रसत जातोय, गोळ्यांनी वेग थोडा कमी होईल, परत फिरणार नाही. चित्रात तो भाग त्यांनी खऱ्या जागेपेक्षा बराच वर दाखवला होता. मी मान हलवत राहिलो. आईने विचारलं, मी कोन ता तरी लक्षात राहील ना? डॉक्टर म्हणाले, बघू.
निघताना बाबांनी तो कागद उचलला आणि घडी करून खिशात ठेवला.
परत येताना रिक्षात त्यांनी तो बाहेर काढला. बराच वेळ बघितला, मग आईच्या हातात दिला. म्हणाले, "जपून ठेव. आपल्या मितेशनी काढलाय."
आईने माझ्याकडे पाहिलं नाही. कागद पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, व्हय, चांगला काढलाय.