साहेब येणार त्या दिवशी

कारखाना निरीक्षक साहेबांना सादर नमस्कार,

पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये हात गेला की मशीन थांबवणारा सेन्सर आमच्या चाकणच्या कंपनीत एरवी बंद असतो, माल भरभर निघावा म्हणून. तुम्ही येणार हे आधी कळलं, म्हणून तुम्ही आलात त्या दिवशी तो चालू होता. त्या प्रेसवर काम करणारे माझे यजमान हसत घरी आले. म्हणाले, "साहेबांनी रोज यायला पाहिजे बघ, वर्षाली!"

दुसऱ्या दिवशी सेन्सर बंद केला, आणि त्यांची चार बोटं गेली.

आता त्याच प्रेसवर माझे धाकटे दीर आहेत. "वहिनी, तक्रार नको. घरात माझाच पगार उरलाय," म्हणतात. म्हणून हे पत्र टाकणार नाही. साहेब, पुढच्या वेळी न कळवता या, एवढंच मागायचं होतं.

भाऊजी कामावरून आले की मी पाण्याचा तांब्या पुढे करते, आणि आधी त्यांचे हात बघते.

आपली,
वर्षाली