कविता क्रमांक चौदाला मिळालेले अकरा गुण

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ कार्यालय, मुख्य इमारत, दुसरा मजला.

मार्फत : विभागप्रमुख, सर्जनशील लेखन विभाग. (वाचून पुढे पाठवावे. न वाचता पाठवले तरी माझी हरकत नाही.)

विषय : माझ्या कवितासंग्रहातील कविता क्रमांक १४ ही एका विद्यार्थ्याच्या कवितेशी तंतोतंत जुळत असल्याबाबत खुलासा व तीन विनंत्या.

संदर्भ : आपले 'कारणे दाखवा' पत्र, दि. २० फेब्रुवारी. मला मिळाल्याची तारीख २७ फेब्रुवारी. मधले सात दिवस ते आमच्याच विभागाच्या कपाटावर होते.

महोदय,

१. मी खाली सही करणारी, आपल्या विद्यापीठात गेली तेरा वर्षे कविता शिकवते. कविता लिहितेही, पण आपल्या दप्तरी ते दुय्यम काम म्हणून नोंदलेले आहे. नोकरीत असलेल्याने पुस्तक छापण्यापूर्वी वाङ्मयचौर्य तपासणी करून ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे, या नियमानुसार मी माझा दुसरा संग्रह जानेवारीत सादर केला. त्यातील एकावन्न कविता निर्दोष ठरल्या. चौदावी कविता मात्र संध्याकाळच्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या नावावर पाच महिने आधीपासून नोंदलेली निघाली. साम्य शंभर टक्के, माझा प्रत्येक शब्द त्यात सापडला. म्हणजे मी विद्यार्थ्याची कविता उचलली, असा अर्थ होतो व तो समितीने काढलेला आहे. त्याची कारणे खाली दाखवत आहे.

२. आपल्या पत्रात 'अध्यापन व प्रकाशन यांचा मेळ आपण कसा घालता' असाही प्रश्न आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर घालत नाही. आठवड्याला अठरा तास वर्ग, त्यावर तपासणी, त्यावर बैठका. लिहायला मिळतात ती दुपारची एक ते एक चाळीस अशी चाळीस मिनिटे. तेव्हा माझ्या टेबलाचा अर्धा भाग वापरणारे नाटकाचे सर जेवायला जातात व खोली क्रमांक नऊमध्ये कुणी नसते. सर लवकर जेवतात. पुस्तक आले की बैठकीत 'मॅडमना बरा वेळ मिळतो हो' असे तोंडावर बोलले जाते. पुस्तक आले नाही की वार्षिक अहवालाच्या नमुन्यात 'प्रकाशने' या रकान्यात मला 'निरंक' असे लिहावे लागते. नऊ वर्षे मी निरंक लिहिले. त्याचे मला वाईट वाटत असे, नंतर नंतर वाटेनासे झाले.

३. आता मूळ मुद्दा. संध्याकाळच्या वर्गात एक पद्धत आहे. दर बुधवारी प्रत्येक विद्यार्थी एक कविता छापील कागदावर, नाव न घालता, गठ्ठ्यात ठेवतो. मागच्या बाजूला कोपऱ्यात पेन्सिलीने फक्त आपला क्रमांक. गठ्ठा पिसून कविता मोठ्याने वाचल्या जातात आणि सगळे मन मानेल तसे बोलतात. 'ही माझी' असे कुणीही म्हणायचे नाही, काहीही ऐकावे लागले तरी. हा नियम मीच केलेला आहे आणि तो मोडणाऱ्याला मी वर्गाबाहेर काढलेले आहे.

४. माझी आई गेल्या वर्षी मार्चमध्ये वारली. तीन दिवस रजा घेतली, चौथ्या दिवशी तोंडी परीक्षा होत्या. पूर्वी मी लिहिलेले सर्वप्रथम आई ऐकत असे. भाजी निवडता निवडता ऐकायची आणि 'बरं आहे' म्हणायची. याहून जास्त ती कधी बोलली नाही, पण तिच्या 'बरं आहे'चे तीन-चार प्रकार होते आणि मला ते सगळे कळत. तिच्यानंतर ऐकणारे कुणी उरले नाही. सहकारी वाचल्याशिवाय कौतुक करतात. प्रकाशकांनी संग्रह हातात तोलून 'छान जाडी आहे' एवढेच सांगितले.

५. जुलैमध्ये वर सांगितलेल्या चाळीस मिनिटांत मी आईवर एक कविता लिहिली. घराबाहेर पडताना ती रोज एकच गोष्ट विचारायची, त्याबद्दल. कशी झाली आहे ते कळेना, म्हणून ऑगस्टच्या दुसऱ्या बुधवारी मी ती गुपचूप गठ्ठ्यात सरकवली. मागे क्रमांक घातला नाही, कारण मला क्रमांक नाही. हे नियमाला धरून नव्हते, हे मान्य करते.

६. कविता वाचली गेली. एक जण म्हणाला, 'बरी आहे, पण आईवरच्या कविता आता बास झाल्या यार.' पुढच्या बाकावरची, जिच्या मताला वर्गात वजन आहे, ती म्हणाली, 'शेवटच्या दोन ओळींत काही घडतच नाही. कापून टाका सरळ.' सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी जाऊन दोन ओळी कापल्या. मला वर्गाचा राग आला नाही. काहीच आले नाही.

७. बुधवारच्या कविता अंतर्गत मूल्यमापनासाठी पोर्टलवर चढवायच्या असतात. ते काम विभागाचे लिपिक करतात. त्यांना सगळे नाना म्हणतात. वर्गात बावीस विद्यार्थी आहेत, त्या दिवशी एक गैरहजर होता, तरी गठ्ठ्यात कागद बावीस निघाले. एकवीस कागदांवर क्रमांक होते, एक कोरा. क्रमांकही एकच उरला होता. नानांनी उरलेला क्रमांक उरलेल्या कागदाला दिला व जेवायला गेले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एक कागद गहाळ झालेला नाही, हे त्यांनी मला अभिमानाने सांगितले आणि ते खरे आहे. त्यांना दोष देऊ नये.

८. येथे एक तांत्रिक बाब. आपले पोर्टल ओळी ओळखत नाही. कोणतीही कविता त्यात घातली की ती सलग परिच्छेद होऊन बसते. याबाबत मी तीन वेळा लेखी कळवले आहे. 'मजकूर सुरक्षित आहे' असे उत्तर आले. नोव्हेंबरमध्ये मी असे एकशे बत्तीस परिच्छेद चार दिवसांत तपासले. त्यांतला शहाण्णवावा माझा होता. मी त्याला वीसपैकी अकरा गुण दिले. शेरा असा लिहिला : 'विषय नेहमीचा. भावना उसनी वाटते. शेवट अनावश्यक.'

९. मी तो ओळखला नाही. महोदय, आपली समिती मला विचारते की कविता माझी असल्याचा पुरावा काय. माझ्या आईचे रोजचे शब्द माझ्याच वाक्यात माझ्या डोळ्यांपुढे आले आणि मी पुढच्या परिच्छेदावर गेले. यापुढे कोणता पुरावा द्यावा, हे मला सुचत नाही. ओळखले नाही हे मला आपले पत्र आल्यावर कळले, आणि त्या दिवशीही मी पाच वाजताचा वर्ग घेतला. विषय होता 'अनुभवाची सच्चाई'.

१०. ज्यांच्या नावावर कविता लागली ते विद्यार्थी चोपन्न वर्षांचे आहेत. ते लिफ्ट दुरुस्त करतात. अख्खा वर्ग त्यांना काका म्हणतो, आणि चुकून कधी मीही म्हणते. ते मला मॅडम म्हणतात. त्या बुधवारी ते गैरहजर होते, कारण आदल्या सोमवारी त्यांची आई वारली होती. हे मला ठाऊक नव्हते. हजेरीपटावर कारण लिहायला रकाना नाही.

११. चौकशीचे कानावर आल्यावर काका खोली क्रमांक नऊमध्ये आले. उभेच राहिले. म्हणाले, 'मॅडम, त्या आठवड्यात मी काही लिहिलंच नव्हतं. मग माझ्या नंबरावर ही कविता आली कुठून? मला वाटलं, तुम्हाला आईचं कळलं असणार, मी नापास होऊ नये म्हणून तुम्हीच लिहून टाकलीत. पण मग अकराच मार्क का दिलेत, ते काही डोक्यात शिरेना.' त्यांनी ही बाब डिसेंबरात नानांनाही सांगितली होती. नानांनी तपासून सांगितले की गुण वाढवून मागण्याचा नमुना आहे, परत करण्याचा नाही. त्यांच्या नावावर ही कविता नसेल तर ते एका गुणाने नव्हे, पुऱ्या विषयात नापास होतात व वर्ष पुन्हा करावे लागते. तरीही ते म्हणाले, 'कविता तुमची, तुम्ही घेऊन जा. फक्त भिंतीवरची राहू द्या. ताई काढू देणार नाही.'

१२. कोणती भिंत, हे पाहण्यासाठी मी दि. ४ मार्च रोजी त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद होती, त्याबद्दल त्यांनी दोनदा माफी मागितली. स्वयंपाकघरात गॅसशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, कविता चिकटवलेली आहे. आईला महिना झाला तेव्हा घरचे जमले होते, त्यात काकांनी ती वाचली होती. त्यांची आईसुद्धा तेच विचारायची म्हणे. त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईंनी, चहा ठेवला आणि मला विचारले, 'तुम्हीच मार्क दिलेत ना हिला? किती दिलेत हो?' मी उत्तर देण्याआधीच काका घाईघाईने म्हणाले, 'पास आहे गं ताई, पास आहे.'

१३. मग मी भिंतीवरची कविता वाचली. पोर्टलने सलग केलेला मजकूर काकांनी पुन्हा ओळींत तोडला होता. मी तोडल्या होत्या तशा नव्हे. बोलताना जिथे माणूस थांबतो तिथे त्यांनी ओळ मोडली होती. तेरा वर्षे मी हेच शिकवते आणि मला ते इतके साधले नव्हते. शेवटच्या दोन ओळीही तशाच होत्या. काका खाली बघत म्हणाले, 'तुमचा शेरा वाचला होता, मॅडम. शेवट काढायचा ठरवलंही होतं. पण ताईला नेमकं त्या दोन ओळींवर रडू येतं.' ताई पदराने ओटा पुसत होत्या, त्या थांबल्या आणि म्हणाल्या, 'बरं आहे ते. राहू दे की.'

१४. तेथे मला रडू आले. आई गेल्यापासून हे प्रथमच घडले, म्हणून तारखेसह नोंदवत आहे. चहा गार झाला, तो ताईंनी पुन्हा गरम करून दिला. निघताना जिन्यात मी चार पायऱ्या उतरून उभी राहिले. वरून ताईंनी विचारले, काही विसरलं का. मी नाही म्हटले.

१५. वरील परिस्थितीत माझ्या विनंत्या पुढीलप्रमाणे.

(अ) कविता क्रमांक १४ मी माझ्या संग्रहातून काढून घेत आहे. उरलेल्या एकावन्न कवितांना ३१ मार्चपूर्वी प्रमाणपत्र मिळावे. संग्रहाचे नाव त्याच कवितेतून घेतले होते, तेही बदलणार होते. हे प्रकाशकांना फोनवर सांगितले. ते म्हणाले, 'कव्हर छापून झालंय हो मॅडम.' मी म्हटले, छापलेले नाव राहू द्या, आत कविता नाही एवढेच.

(आ) ती कविता काकांच्या नावावर आहे तशीच ठेवावी. त्यांच्यावर वा नानांवर कोणतीही कारवाई करू नये. त्या दोघांनी जे हाती आले ते नीट सांभाळले. मी आधी दोन ओळी कापल्या, मग उरलेली कविता ओळखलीही नाही. माझ्या सेवापुस्तकात चोरीची नोंद घ्यायची किंवा कसे, ते आपण ठरवावे; मी अपील करणार नाही.

(इ) सदर कवितेचे फेरमूल्यमापन बाहेरच्या परीक्षकाकडून व्हावे. त्या परीक्षकाने निदान महिनाभर एकही कविता तपासलेली नसावी. त्यास कागद ओळींसह द्यावा. गुण वाढवून मागण्याचा नमुना भरून सोबत जोडला आहे. त्यात 'अर्जदाराचे विद्यार्थ्याशी नाते' असा रकाना आहे. तेथे मी आधी 'शिक्षिका' लिहिले होते, ते खोडून 'परीक्षक, चुकलेली' असे केले आहे. खाडाखोड चालत नसल्यास नवा नमुना पाठवावा.

कळावे, आणि जमल्यास वेळेत कळवावे.

आपल्याच विद्यापीठातील, नम्र,

(सही)
कविता शिकवणारी,
खोली क्रमांक नऊ, टेबलाचा खिडकीकडचा अर्धा भाग.
दि. ११ मार्च

सहपत्रे :
१. आपल्या 'कारणे दाखवा' पत्राची प्रत.
२. ऑगस्टच्या दुसऱ्या बुधवारचा हजेरीपट.
३. गुण वाढवून मागण्याचा नमुना, भरलेला.
४. कविता. भिंतीवर आहे तशी, काकांनी तोडलेल्या ओळींप्रमाणे, शेवट न कापता :

दाराला कुलूप लावलं
आणि कुणी विचारलं नाही,
गॅस बंद केलास का.

चार पायऱ्या उतरल्यावर
पाय थांबले.
परत वर जायला
काहीतरी कारण लागतं,
ते तू द्यायचीस.

कुलूप काढून पाहिलं.
बंदच होता.