सोबतीला कोण

३ फेब्रुवारी

घेतलं एकदाचं! पहिलं सलाइन. त्यात केटामाइन — ऑपरेशनच्या वेळी गुंगीला देतात तेच, फक्त अगदी थोडं. चार वर्षांत नैराश्यावर इतक्या तऱ्हेच्या गोळ्या झाल्या, कशानेही ढिम्म फरक नाही. म्हणून हे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विचित्र वाटेल, घाबरू नका. आणि रोज लिहीत जा, एक ओळ का होईना."

सोबतीला कोण, असं सिस्टरने विचारलं. नवरा बोटीवर, इतक्यात येत नाही. म्हणून सासूबाई. पलंगाशेजारच्या खुर्चीत विणकाम घेऊन बसल्या. सिस्टरला म्हणतात, "सुनेला झोपवायला दवाखाना लागतो आता. आमच्या वेळी घरकाम पुरायचं!" सिस्टर हसली. मी नाही.

मग छत खाली आलं. हळूच, डब्याला झाकण लावावं तसं. दंडावरचा बीपीचा पट्टा आवळला, पण दंड माझा नव्हता. पलंगाचा होता. कुठेतरी एक बाई बोलत होती — संथ, समजावणीच्या सुरात. शब्द कळले नाहीत. आवाज ओळखीचा.

४ फेब्रुवारी

काही नाही. डोकं जड.

६ फेब्रुवारी

दुसरं सलाइन. पुन्हा ती बाई, या वेळी पडद्यामागून. ऐकत पडले होते आणि एकदम कळलं — हा तर माझाच आवाज! मी इथे, आवाज तिथे. मी गप्प, तो बोलतोय.

गुंगी उतरल्यावर सिस्टरला विचारलं, मी बोलते का हो? "बोलतात बरेच जण. आम्ही नाही लक्ष देत." सासूबाई खाली मान घालून टाके मोजत होत्या.

"काय बोलत होते मी, आई?"

"काही नाही. बडबड."

एवढंच. एका शब्दाला दहा शब्द लावणारी बाई!

७ फेब्रुवारी

सकाळी खिडकीचा पडदा निळा दिसला. इतकी वर्षं राखाडी होता — म्हणजे मला. न्हाणीघरात नळ सोडून रडले. वाईट वाटून नव्हे.

१० फेब्रुवारी

तिसरं. आज शब्द स्पष्ट ऐकू आले. ती बाई जागा सांगत होती — "कपाटाचा खालचा खण. चष्म्याचे डबे आहेत ना, त्यातला मरून रंगाचा." पुन्हा पुन्हा, तेच. कोणीतरी पत्ता विचारतंय आणि ती न कंटाळता सांगतेय.

अंगावर काटा आला. जाग आली तेव्हाही तो होता.

११ फेब्रुवारी

इथे तरी लिहायला हवं. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते — बसवत होते. जुने डबे घरी खणभर साठलेत. त्यातल्या मरून डब्यात मी गोळ्या साठवल्या होत्या. कशासाठी, ते लिहीत नाही. मला माहीत आहे. डबा आहे, म्हणून आजचा दिवस काढू — असं माझं उफराटं चाललं होतं.

आज पहिल्यांदा वाटलं, नको तो घरात. सासूबाई भाजीला गेल्या तसा खण ओढला. डबा जागच्या जागी. बंद. उघडला — रिकामा! आत फक्त काच पुसायचं फडकं, नीट घडी घातलेलं. मी त्याची घडी कधीच घालत नाही.

१२ फेब्रुवारी

मीच टाकल्या का? आठवत नाही. की घेतल्या — ? मग मी इथे कशी? मनगटाला चिमटा काढून पाहिला. दुखलं. तरी खात्री पटेना, म्हणून सासूबाईंना उगाच हाक मारली. त्यांनी लगेच ओ दिली नाही. तेवढ्यात जीव गेला माझा!

घर बोटभर सरकलंय. खुर्ची, पाण्याची बाटली, दाराची कडी — सगळं कोणीतरी उचलून पाहिलं आणि परत ठेवलं. गोळ्या नाहीत, म्हणजे कुठेतरी आहेत.

१४ फेब्रुवारी

चौथं. बाई आली नाही. नुसता अंधार आणि विणकामाच्या सुयांची टकटक. मध्येच ती थांबली. खूप वेळ थांबली.

१७ फेब्रुवारी

दुकानात अर्धा दिवस! मालक म्हणाले, "आलात? गिऱ्हाइकं वाकडे चष्मे घालून फिरतायत तुमच्यावाचून." एकही काच वाया गेली नाही. नवऱ्याचा फोन आला — "तुझा आवाज परत आलाय गं!" कुठून कुठून फिरून आलाय, त्याला काय माहीत.

१९ फेब्रुवारी

सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा बंद. टोमणा नाही, कुरकुर नाही. दूध उतू गेलं तर म्हणाल्या, "असू दे." संध्याकाळी त्यांची आवडती शाल माझ्या खांद्यावर टाकली. "तुला राहू दे. मला कुठे लागते आता." कपाट लख्ख आवरलंय. विणकाम उसवून लोकर गुंडाळून ठेवलीय. चेहरा निवांत. फार निवांत.

मला बरं वाटतंय म्हणून त्या निर्धास्त झाल्या असतील.

२० फेब्रुवारी

काच घासता घासता हात थांबला. तो निवांतपणा मला ओळखीचा आहे! मरून डबा भरला त्या आठवड्यात मी अशीच होते. सगळे म्हणाले होते, किती छान दिसतेस हल्ली.

मशीन चालू ठेवून तशीच घरी धावत सुटले.

२० फेब्रुवारी, थोड्या वेळाने

"आई, गोळ्या कुठे आहेत?"

कसल्या, असं नाही विचारलं त्यांनी. स्वेटरच्या खिशातून पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. "दुसऱ्या सलाइनला तू बोललीस, त्याच दिवशी काढल्या. फेकणारच होते गं. हातून फेकवल्या नाहीत." मग म्हणाल्या, "तू उभी राहीपर्यंत थांबले होते."

चार वर्षं मला सगळ्यांनी विचारलं, कशी आहेस. यांना कोणी?

पुडी संडासात रिकामी करून वर पाणी ओतलं. डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, त्यांना एकटं सोडू नका, आत्ताच घेऊन या. गाडी येतेय. अक्षर वाकडं येतंय — एका हाताने लिहितेय. दुसऱ्यात त्यांचा हात आहे.