शॅलेचा वरखर्च

गुरुवार, ३० जानेवारी. घरी, रीडिंग, इंग्लंड.
बॅगा भरल्या. परवा फ्रान्स, बर्फ, स्कीइंग. बुधवारी बायकोची, रोझलिंडची, साठी तिकडेच. राहायचं शॅले, म्हणजे डोंगरातलं लाकडी घर, मेव्हणी व्हेरिटीने परस्पर ठरवलं. भाड्यात नाश्ता, चारचा केक, रात्रीचं जेवण आणि वाइन धरलेली आहे म्हणे. म्हणे! खरे कापतात ते वरखर्चात. माझी मर्यादा: दोघांत सहाशे युरो.
रोझलिंडची अट एकच. आठवडाभर पैशाचं नाव काढायचं नाही. काढलंस तर पुढच्या वर्षीपासून तू घरी बस, मी बहिणीबरोबर जाईन. कबूल केलं. लिहायला बंदी नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी. सायं. ५.
पोचलो. आठ माणसांना हे एवढं लाकडी घर! सगळं बघायला टॅम्सिन नावाची मुलगी. फार गोड हसते. दारातच शॅम्पेन पुढे केली. मी हात मागे घेतला. साडू क्रिस्पिनने माझाही ग्लास उचलला. टॅम्सिनने लगेच वहीत काहीतरी टिपलं. बिल सुरू झालं.

रविवार, २.
स्की भाड्याने, बूट भाड्याने, हेल्मेटचे वेगळे. डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचा पास रोझलिंडला सहा दिवसांचा, मला तीन. उरलेले दिवस निसर्ग बघणार असं जाहीर केलं. क्रिस्पिन म्हणाला, निसर्गाला आधी विचारलंस का?
चार वाजता लिंबाचा केक. फक्त वास घेतला. पुन्हा वही.

सोमवार, ३.
डोंगरावर साधं ऑम्लेट बावीस युरो. नाश्त्याच्या पावाचं सँडविच खिशात होतंच. चेअरलिफ्टवर बसून खाल्लं. खाताना एक हातमोजा दरीत पडला. हातमोजे जोडीनेच विकतात. पंचाण्णव युरो. यामागे कुणीतरी आहे.

मंगळवार, ४.
मर्यादा नऊशे केली. बजेट लवचिक असावं.
उद्या टॅम्सिनची सुट्टी. बुधवारी रात्री गावातल्या बहुतेक शॅलेंमध्ये हीच सुट्टी, म्हणजे अख्खं गाव हॉटेलात. शॅलेवाले आणि हॉटेलवाले यांचं साटंलोटं असणार. क्रिस्पिनने पार वर, शिखराजवळ टेबल सांगितलंय. बर्फावरच्या ट्रॅक्टरने जायचं. किती पडतील विचारलं तर डोळा मारतो. म्हणजे माणशी एकशेवीस तरी. कमिशन खातोय.
उपाय सापडला. उद्या सहाला माझं पोट दुखेल. रोझलिंड जाईल, तिचा वाढदिवस होईल, माझं ताट वाचेल.

बुधवार, ५. सायं. ६.४०
पोटदुखी उत्तम जमली. जरा जास्तच. रोझलिंडने कोट काढून ठेवला. तुला असं टाकून कशी जाऊ, म्हणाली. मी परोपरीने सांगितलं, ऐकेना. नवा हिरवा ड्रेस घालून माझ्यासाठी भात शिजवत बसली. बाकीचे सहाजण गेले. वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण दोन ताटं वाचली.

त्याच दिवशी, ८.१५
भाताने काय होतंय? खाली बुटांच्या खोलीत माझ्या पिशवीत सॉसेज ठेवलेलं होतं. तिथेच उभ्याने खात होतो. रोझलिंड गरम पाण्याची पिशवी शोधत आली. बघत राहिली. मग हळूच म्हणाली,
"किती वाचले, डेरेक?"
"दोनशे चाळीस," मी म्हटलं. सवयीने तोंडातून गेलं.

गुरुवार, ६.
रोझलिंड व्हेरिटीशीच बोलते. क्रिस्पिनकडून कळलं, कालचं जेवण ही त्या दोघांची रोझलिंडला भेट होती. आठही जणांचे पैसे डिसेंबरातच भरलेले, परत मिळत नाहीत. वाचले: शून्य. हे आधी सांगायला काय झालं होतं?
टॅम्सिनने बिनसाखरेची बिस्किटं आणून दिली. तुम्ही काहीच घेत नाही हे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलंय, म्हणाली, पथ्य असेल असं वाटलं. बिस्किटं भुशासारखी होती. पण उद्या बक्षिशीचं पाकीट फिरणार, त्यामुळे तिच्याबद्दल मत राखून ठेवतो.

शुक्रवार, ७.
पाकीट आलं. मी वीसची नोट काढत होतो. रोझलिंडने माझ्या हातातून पैशांचं पाकीट घेतलं आणि दीडशे घातले. मी पैशाचं नाव काढलं नाही. हे तिच्या लक्षात आलं असावं.

शनिवार, ८. विमानतळ.
व्हेरिटीने फोनवरच पुढच्या वर्षीचं शॅले बुक केलं. लवकर केलं की सूट मिळते, ही सूचना माझीच. माणसं सात लिहिली. मोजताना चूक झाली का विचारलं.
"चूक नाही," रोझलिंड म्हणाली, आणि कॉफी आणायला गेली. स्वतःपुरती.
म्हणजे पुढच्या वर्षी माझा वरखर्च शून्य. अशी बचत मला आजवर कधी जमली नव्हती. अर्ध्या तासापासून स्वतःला हेच सांगतो आहे.